बाळांचा उतार

आमच्या घरातलं काहीही सांगायचं झालं की मला स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागते. माझा मुलगा इथे शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला आहे. संध्याकाळी येऊन सोफ्यावर पसरतो आणि मी लिहीत बसलेली दिसले की म्हणतो, "मॉम, जस्ट कम टू द पॉइंट." बाबा रे, तुझे पॉइंट तुझ्या मीटिंगमध्ये ठेव. माझे पपा स्वयंपाकी होते. मी ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे ते सगळे दिवस त्यांच्या शेगडीच्या आजूबाजूला गेले, आणि मम्मीला जे भोगावं लागलं त्याची बोलणीही तिथेच, कांद्याच्या टोपलीशेजारी उभं राहून झाली. तेव्हा कांद्यापासूनच सुरू करणार. कंटाळा आला तर टीव्ही लाव.

ते गाव डोंगरात होतं, एका वादीच्या काठी. वादी म्हणजे वर्षभर कोरडी पडलेली नदी, जी पाऊस पडला की अंगावर धावून येते. गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहायला कोणी बंदी केलेली नाही, पण त्या गावात वाढल्यावर काही गोष्टी कागदावर उतरवायला हात धजत नाही. दर हिवाळ्यात तिथे परदेशातल्या एका विद्यापीठाची माणसं उत्खननाला यायची. डोंगराच्या पायथ्याशी दगडी थडगी होती, किती जुनी ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, आणि ती उघडून ही माणसं पाहायची की हे लोक कोण होते, काय खायचे, कशाने मेले. राहायला त्यांनी उम्म राशिदच्या घराच्या मागच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यांच्यासाठी रांधायला आमचे पपा. वसईहून शारजाला हॉटेलात आलेले, तिथून कोणाच्या तरी ओळखीने या डोंगरात. सोबत मम्मी आणि मी.

सकाळी पहिला आवाज जनरेटरचा, मग शेळ्यांचा, मग चाळण्यांचा. माती खणली की ती चाळणीत घालून हलवायची, दिवसभर खर्र खर्र. शाळेसाठी मी शारजात, रोल्लाला मावशीकडे राहायचे. शुक्रवारी सुट्टी असायची म्हणून गुरुवारी दुपारी मच्छीच्या बर्फाच्या पेट्यांबरोबर पिकअपमध्ये बसून गावात यायचे, आणि वादीच्या वळणावरच तो खर्र खर्र ऐकू आला की घरी आल्यासारखं वाटायचं. पपा गोऱ्या माणसांसाठी ओट्सची पेज आणि उकडलेले बटाटे करायचे, आणि त्याच शेगडीवर आमच्यासाठी वसईहून आणलेल्या बाटलीच्या मसाल्यातलं कालवण. वासाने गोरी माणसं पातेल्याभोवती घोटाळायची. पहिल्याच वर्षी बटाटे बंद झाले. मम्मी ओसरीवर बसून खापऱ्या धुवायची, टूथब्रशने, एक एक. "लग्नात माझ्या सासूनं भांडी घासायला लावली नाहीत तेवढी हे मेलेले लोक घासायला लावतात," असं म्हणून खदाखदा हसायची. तिचं हसू वादीच्या पलीकडे ऐकू जायचं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण माझ्या मुलांनी ते कधी ऐकलं नाही.

उत्खननाची प्रमुख एक उंच, हाडकुळी बाई होती. गाव तिला दक्तूरा म्हणायचं, म्हणजे डॉक्टरीण, म्हणून आम्हीही दक्तूराच म्हणायचो. आणि उम्म राशिद म्हणजे घराची मालकीण, राशिदची आई, गावातली सगळ्यात मोठी बाई. तिच्यापुढे शेख असो की इंजिनिअर, बसल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. दक्तूरा पहिल्या वर्षी आली तेव्हा उम्म राशिदने तिला गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पाजला, खजूर खायला घातले आणि विचारलं, "तुला सरकारने परवानगी दिली, चांगलं झालं. आत झोपलेत त्यांना कोणी विचारलं?" दुसरी कुणी असती तर तिने हसून सोडून दिलं असतं. दक्तूरा हसली नाही. ती तीन महिने रोज संध्याकाळी येऊन त्या चटईवर बसली आणि दोघींनी मिळून कामाची रीत ठरवली. थडगं उघडण्याआधी राशिद पुढे जाऊन आतल्या माणसांना सलाम करणार. हाडं गावाबाहेर जाणार नाहीत, आणि उन्हाळ्याआधी जिथली तिथे परत ठेवायची. आणि ज्यांची नावं गावाला अजून ठाऊक आहेत, ते मेलेले गावाचे. त्यांना हात लावायचा नाही, मोजायचं नाही, फोटो नाही, कागदावर काढायचं नाही.

ही शेवटची अट दक्तूराने अक्षरशः पाळली. तिच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. त्यावर एक एक दगड, जुना पाण्याचा पाट, पडक्या भिंती, सगळं बारीक शाईने काढलेलं. दोन जागा मात्र पांढऱ्या. एक गावाचं कब्रस्तान. दुसरी त्याच्या मागच्या अंगाचा उतार, जिथे बोरीची झाडं होती आणि जिथे गावातली तान्ही बाळं पुरायचे. तिथे मोठ्या कबरींसारखं काही दिसायचं नाही. पायाशी एक आणि डोक्याशी एक, मुठीएवढे दगड. ठाऊक नसेल तर माणूस त्यावरून चालत जाईल. पुरुष तिकडे फारसे फिरकत नसत, बोलतही नसत. तो उतार बायकांचा होता. संध्याकाळी पाणी भरून येताना त्या वाकडी वाट करून तिथून यायच्या, एखादी थोडा वेळ बसायची, आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला लागायची.

माझा भाऊ तिथेच आहे. होता.

मी नऊ-दहा वर्षांची होते. मम्मीला आठवा महिना होता. त्या आठवड्यात पाऊस झाला आणि वादी अशी फुगली की वाटेवरचा ट्रक तिने उचलून नेला. हॉस्पिटल पलीकडे आणि आम्ही अलीकडे. मम्मीला कळा सुरू झाल्या तेव्हा उम्म राशिद बाह्या सरसावून आत गेली आणि दार लावून घेतलं. बाळ जन्मलं, मुलगा, पण श्वास नीट लागेना. पपांनी स्वयंपाकघरातल्या पेल्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून बाप्तिस्मा दिला, जोसेफ नाव ठेवलं. अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो बाप्तिस्मा, आमच्यात तशी सोय आहे. संध्याकाळपर्यंत तो गेला. मम्मी तापाने आणि रक्तस्रावाने बेशुद्ध होती, तिला काही कळलं नाही. वादी उतरेना. दुसऱ्या दिवशी पपा वेड्यासारखे काठावर उभे होते, की शारजाला चर्चच्या सिमेटरीत कसं न्यायचं. उम्म राशिदने त्यांना हाक मारली आणि हिंदी-अरबीची खिचडी करून ती बोलायची तसं बोलली, "छोटा बच्चा, बाबा, सब का. आमच्या बाजूला ठेव. जोसेफ म्हणजे यूसुफ, तो आमच्यातपण आहे." तिने स्वतः त्याला धुतलं, पांढऱ्यात गुंडाळलं. पपा आणि राशिदने उतारावर जागा केली. मम्मी चौथ्या दिवशी शुद्धीवर आली. तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं, फक्त दोन दगड.

त्यानंतर ती रोज जायची. आमच्या वसईत ऑल सोल्स डेला कबरींवर फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. गावात तसली पद्धत नाही, म्हणून ती मेणबत्ती घरी लावायची आणि उतारावर नुसतं पाणी शिंपडून यायची, त्या बायका करायच्या तसं. उम्म राशिदची स्वतःची तीन होती तिथे. दोघी शेजारी शेजारी बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. मी एकदा विचारलं तर मम्मी म्हणाली, "काही नाही गं. मच्छी किती महाग झाली ते." मला वाटतं ते खरंच असावं.

पुढची काही वर्षं अशीच गेली आणि मी दहावीची परीक्षा दिली. त्या उन्हाळ्यात आम्ही नेहमीसारखे वसईला गेलो. इथे एक सांगायला हवं. उन्हाळ्यात त्या गावात कोणी राहतच नसे. डोंगर तापले की सगळं गाव शेळ्यांसकट समुद्रकाठी खजुराच्या बागांत उतरायचं, दक्तूरा तिच्या देशात, आम्ही आमच्या. घरांना कुलूपसुद्धा लावायचे नाहीत. त्या वर्षी डोंगरातून नवा रस्ता काढायचं ठरलं होतं. त्याची बोलणी हिवाळ्यातच झाली होती, अगदी उघडपणे. रस्त्याचे इंजिनिअर आले, राशिद आणि गावचे पुरुष त्यांच्याबरोबर बसले, दक्तूराने आपला नकाशा दिला. माणसं भली होती. नकाशात जे जे आहे त्याला धक्का लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी काढला आणि तो तंतोतंत पाळला. एका जुन्या भिंतीसाठी त्यांनी रस्ता वाकवला. कब्रस्तान दिसत होतं, त्याला कुंपण घातलं. आणि मागच्या उतारावर नकाशात काहीच नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा पिकअप त्या नव्या रस्त्यावरूनच वर आली. पपा म्हणाले, "वा, काय गुळगुळीत झालाय." मम्मी खिडकीतून बाहेर बघत होती. तिने ड्रायव्हरला हिंदीत थांबायला सांगितलं. तो थांबला. ती खाली उतरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बोरीची झाडं नव्हती. उतारच नव्हता. डोंगर कापून सरळ केला होता आणि आम्ही डांबरावर उभे होतो. "अहो," ती पपांना म्हणाली, "आपण चुकलो का रस्ता?"

दक्तूरा बातमी कळताच विमान पकडून आली, हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. उम्म राशिदच्या चटईवर सगळे बसले. मी मम्मीच्या मागे होते. राशिद सारखं म्हणत होता, "मला वाटलं दक्तूराने इंजिनिअरना सांगितलं असेल, तिच्याकडे नकाशा आहे." दक्तूरा म्हणाली, "मी वचन दिलं होतं की तो उतार मी कागदावर काढणार नाही. मला वाटलं तुम्ही सांगाल, तुमची माणसं आहेत." दोघंही खरं बोलत होते. बायका दाराशी बसल्या होत्या, त्यांना तर हिवाळ्यातल्या त्या बैठकीला कोणी बोलावलंच नव्हतं. दक्तूराने चेहरा ओंजळीत झाकून घेतला आणि ती रडायला लागली, आणि मला तिचा असा राग आला की उठून तिच्या थोबाडीत मारावी. मारली नाही. राग आजही आहे, पण तो तिच्यावर काढू की राशिदवर की आमच्यावर, ते अजून ठरत नाही. कोणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो.

उम्म राशिदची नात मरियम आता त्या उत्खननाची प्रमुख आहे. परदेशात शिकून आली, दक्तूरानंतर तिनेच सगळं हातात घेतलं. गेल्या हिवाळ्यात रोल्लाला माझ्याकडे चहाला आली होती. तिला आमच्या वसईचे, पिठाचे तळलेले फुगे सगळे एकटीने खायची लहानपणापासूनची सवय, आणि मीही मुद्दाम जास्त तळते. ती सांगत होती, आजीची अट आम्ही अजून पाळतो, नाव असलेल्याला नकाशात घ्यायचं नाही. पण आता त्या पांढऱ्या जागेभोवती एक रेघ मारतो. आत काय आहे ते सांगत नाही, फक्त सांगतो की या रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही. आणि कुठलीही बोलणी असली की बायका पुढे बसतात. "बस, एवढंच?" मी विचारलं. "एवढंच, खाला," ती म्हणाली आणि बशीकडे बघत राहिली. एक रेघ. मी उठून चहा गरम करायला आत गेले.

तर, त्या वर्षी. कापलेल्या डोंगराची माती ट्रकांनी वादीच्या खालच्या अंगाला ओतली होती, मोठाच्या मोठा ढीग. दक्तूरा म्हणाली, आपण ही चाळू. त्या हिवाळ्यात जुन्या थडग्यांचं काम बंद राहिलं. परदेशी पोरं आणि गावचे पुरुष एकाच चाळणीला दोन्हीकडून धरून उभे राहायचे, आणि खर्र खर्र दिवसभर. मला तो आवाज नकोसा झाला. मी गुरुवारी यायचे आणि कानात बोटं घालून आत जाऊन झोपायचे. मम्मी मात्र ढिगाशीच. तिने खापऱ्या धुवायचं सोडलं होतं. जे सापडायचं ते इतकं लहान आणि पातळ असायचं की पोरं हातमोजे काढून उचलायची. पपा सगळ्यांना तिथेच डबे नेऊन द्यायचे, आणि त्या मातीत जेवायला नको म्हणून गाव आणि गोरे रांगेने रस्त्याच्या कडेला बसून जेवायचे.

हंगाम संपत आला तेव्हा एका दुपारी दक्तूरा स्वयंपाकघरात आली. पपा कांदा चिरत होते, मम्मी तांदूळ निवडत होती. दक्तूरा म्हणाली की सापडलेली हाडं कोणाची आहेत ते सांगता येणार नाही, सगळी मिसळली आहेत. "पण तुमचा मुलगा आठव्या महिन्यातला होता. मांडीचं हाड मोजलं तर पूर्ण दिवसांचं मूल आणि तो, यात फरक कळू शकतो. कदाचित. मी खात्री देत नाही. आणि त्यासाठी मला सगळीच मोजावी लागतील." न मोजण्याचं वचन दिलेलं असताना तिने हे विचारणं म्हणजे काय, ते तिला पुरेपूर ठाऊक होतं.

मम्मी तशीच उठली, पदराला तांदूळ चिकटलेले, आणि उम्म राशिदकडे गेली. मी मागोमाग. "मला माझा पाहिजे," ती म्हणाली, आधी हिंदीत, मग तिला येत होतं त्या अरबीत. "मी त्याला हातात घेतलं नाही. तुम्ही घेतलं, ह्यांनी घेतलं, राशिदने घेतलं. मी एकटीनेच नाही घेतलं." उम्म राशिदने तिला जवळ बसवलं. कितीतरी वेळ ती मम्मीच्या पदराचे तांदूळ काढत होती. मग म्हणाली, "मैं ना नहीं बोलेगी. कोई औरत ना नहीं बोलेगी. तू बोल, दक्तूरा नापेगी. मेरा तीन भी नापेगी. खलास." तिच्या आवाजात राग नव्हता. पदरावर एकही तांदूळ उरला नव्हता, तरी तिची बोटं वेचतच होती.

रात्री जेवताना पपांनी विषय काढला. "हो म्हणून टाक. पुन्हा संधी नाही मिळायची." पपा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "तो आपला मुलगा आहे. आपण उद्या वसईला नेऊ, माझ्या आईशेजारी ठेवू. नावाची पाटी लावू."

मम्मी म्हणाली, "त्या नाही म्हणणार नाहीत हो. मी एकदा तोंड उघडलं की सगळ्याजणी हो म्हणतील आणि घरी जाऊन रडतील. मला कळतं ना ते. कसं विचारू?"

"मग आपण नुसतं रडायचं?"

"रडतेच आहे की मी," मम्मी म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने दक्तूराला सांगितलं, नका मोजू. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसांना मोठेपणा घेताना पाहिलं आहे. मम्मीने तसला काही मोठेपणा घेतला नाही. ती चिडलेली होती, उम्म राशिदवरसुद्धा, आणि तिने तो आठवडाभर कोणाशी धड बोलणं केलं नाही. पपांनी तिला माफ केलं नाही, ते तर शेवटपर्यंत. सिमेटरीसमोरून जाताना ते म्हातारपणीही मान वळवायचे. पण तिने नाही म्हटलं होतं आणि तिने ते बदललं नाही.

कब्रस्तानाच्या कुंपणाच्या आत, एका कोपऱ्यात, एकच लांब खड्डा खणला. दफनाला बायका जात नसत, पण त्या दिवशी उम्म राशिदने कोणाला विचारलंच नाही. ती पुढे निघाली आणि सगळ्याजणी तिच्या मागे. जे जे सापडलं होतं त्याच्या तिने आदल्या दिवशी पांढऱ्या कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधल्या होत्या. कुठलं कोणाचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक आईने एक घ्यायची आणि राशिदच्या हातात द्यायची, तो खड्ड्यात उतरून ठेवणार. पुरचुंड्या कमी होत्या. सगळी माती काही हाती लागली नव्हती, बरीचशी रस्त्याखाली होती. मम्मी ओळीत सगळ्यात शेवटी उभी होती आणि तिच्यापर्यंत येईतो टोपली रिकामी झाली. उम्म राशिदने स्वतःसाठी एकच घेतली होती. ती तिने मम्मीच्या हातात ठेवली आणि बाजूला झाली.

एक एक करून सगळ्यांनी दिल्या. मग मम्मीची पाळी आली. राशिदने खालून दोन्ही हात वर केले. मम्मीने ती पुरचुंडी छातीशी धरली होती, डोक्याखाली हात घेऊन धरतात तशी, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू झुलत होती. पपा पुढे सरकले, तर दक्तूराने त्यांच्या दंडाला धरलं. राशिद हात वर करून उभा होता. सगळं गाव उभं होतं.

"थांब जरा," मम्मी त्याला मराठीत म्हणाली. "आत्ताच झोपलाय."

राशिदला मराठी येत नव्हतं. त्याने हात खाली घेतले आणि तो तिथेच, खड्ड्यात, मातीवर बसला.